मोरचुदाच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल: हिरवा, पिवळा, तपकिरी आणि पांढरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर ते आधी हिरवे आणि मग पिवळसर हिरवे झाले. मीठ घातल्यावर मात्र ते हिरव्याच्या पुढे गेले नाही. त्या पिवळसर द्रावणात तांब्याची तार टाकून गरम केल्यावर ते काळपट तपकिरी झाले, बराच वेळ उकळल्यावर जवळजवळ रंगहीन झाले, आणि भरपूर पाण्यात ओतल्यावर पांढरा साका खाली बसला, जो दुसऱ्या दिवशी हिरवट पडला. टेट्राक्लोरोक्युप्रेट आयन, म्हणजे चार क्लोराइड जोडलेला तांब्याचा आयन, एका पुस्तकात पिवळा सांगितला आहे आणि दुसऱ्यात हिरवा. त्यांतले खरे कोणते, तपकिरी रंग अशुद्धीमुळे आला का, आणि उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट कशी लावावी, असे विचारले आहे.

अकार्बनी रसायनशास्त्र शिकवणे आणि सर्किट बोर्डांच्या एचिंगसाठी (नको असलेले तांबे खाऊन काढण्यासाठी) लागणाऱ्या क्युप्रिक क्लोराइडच्या टाक्या सांभाळणे अशी दोन्ही कामे मी केली आहेत, त्यामुळे हे सगळे रंग माझ्या नेहमीच्या पाहण्यातले आहेत. त्यांचा उलगडा करताना एक गोष्ट पक्की धरून ठेवावी लागते. परीक्षानळीत दिसणारा रंग एका आयनाचा नसून एकमेकांत सतत बदलणाऱ्या अनेक आयनांच्या समतोलाचा असतो, आणि तो समतोल कोणीकडे झुकेल हे मोकळा क्लोराइड किती आणि मोकळे पाणी किती या दोन गोष्टींवर ठरते. तार टाकल्यावर तांब्याची दुसरी ऑक्सिडीकरण स्थिती त्यात येऊन मिळते आणि गोष्ट अधिक रंजक होते, पण नियम तोच राहतो.

निळ्यापासून सुरुवात करू. मोरचूद पाण्यात विरघळले की प्रत्येक क्युप्रिक आयनाभोवती, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याभोवती, पाण्याचे सहा रेणू असतात, पण ते सारख्या अंतरावर नसतात. चार रेणू सुमारे २ अँगस्ट्रॉमवर घट्ट बांधलेले असतात आणि उरलेले दोन, वरचा आणि खालचा, त्याहून बरेच लांब व सैल असतात. क्युप्रिक आयनात डी-कक्षकांत (इलेक्ट्रॉनांच्या एका प्रकारच्या जागांत) नऊ इलेक्ट्रॉन असतात, आणि अशी विषम मांडणी नियमित अष्टफलकात स्थिर राहू शकत नाही, हे यान आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९३७ साली दाखवलेल्या प्रमेयाचे ठळक उदाहरण आहे. या आयनाचे प्रकाशशोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्ताच्या उंबरठ्यावर असते. त्या रुंद पट्ट्याची शेपटी दृश्य प्रकाशातला तांबडा भाग खाते आणि आपल्याला फिकट निळा रंग दिसतो. हे शोषण फार दुबळे असते. त्याचा मोलर शोषणांक (ठरावीक संहतीचे द्रावण किती प्रकाश शोषते याचे माप) जेमतेम १० ते १५ भरतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे पिवळ्या रंगाची सगळी मिजास यावरच कळते.

क्लोराइड आयन पाण्याच्या रेणूंची जागा एकेक करून घेतो. आधी एक क्लोराइड असलेला आयन बनतो, मग दोन असलेला विद्युतभाररहित घटक, मग तीन असलेला आणि शेवटी चार क्लोराइडचा टेट्राक्लोरोक्युप्रेट. पाठ्यपुस्तकांत हे सगळे एका ओळीच्या समीकरणात उरकतात आणि विद्यार्थ्याचा समज होतो की आम्ल घालताच निळा आयन थेट चार क्लोराइडच्या आयनात उडी मारतो. प्रत्यक्षात क्युप्रिक आयनाची क्लोराइडशी असलेली ओढ क्षीण आहे. पहिल्या टप्प्याचा समतोल स्थिरांक (क्रिया किती पुढे जाते याचे माप) एकच्या आगेमागे आहे आणि पुढच्या टप्प्यांचे त्याहूनही कमी आहेत. अमोनियाशी तुलना केली तर फरक ध्यानात येतो: तिथे चार टप्प्यांचा मिळून स्थिरांक १० च्या बाराव्या-तेराव्या घातापर्यंत जातो, त्यामुळे थोड्याशा अमोनियानेही गडद निळा रंग येतो. क्लोराइडच्या बाबतीत मात्र ढीगभर क्लोराइड ओतल्याशिवाय काम होत नाही.

याचा पडताळा क्युप्रिक क्लोराइडच्या निव्वळ जलीय द्रावणातच घेता येतो. लिटरमागे ०.१ मोलचे द्रावण घेतले तर ते स्वच्छ निळे दिसते, कारण त्यातले बहुतेक तांबे अजून पाण्यानेच वेढलेले असते. त्याच क्षाराचे संपृक्त द्रावण गडद हिरवे असते. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात निर्जल क्युप्रिक क्लोराइड सुमारे ७५ ग्रॅम विरघळते. मोलच्या हिशेबात हे मांडले तर एका तांबे आयनाच्या वाट्याला पाण्याचे जेमतेम दहा रेणू येतात, आणि त्याच दहांतून दोन क्लोराइड आयनांनाही आपापल्या भोवतीचे पाणी हवे असते. मग क्लोराइड तांब्याला चिकटला तर त्यात आश्चर्य काय? बाटलीतल्या या हिरव्या द्रावणात नुसते पाणी वाढवत गेलात तर ते डोळ्यांदेखत निळे होते.

आम्ल घालून पिवळसर केलेले द्रावण पाण्याने पुन्हा निळे होते, आणि तेही फार झपाट्याने, यामागे साधे गणित आहे. टेट्राक्लोरोक्युप्रेटचे निळ्या आयनाशी असलेले प्रमाण मोकळ्या क्लोराइडच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. क्लोराइड निम्मा झाला की हे प्रमाण सोळापट घसरते. दसपट विरल केले की दहा हजारपट. प्रत्यक्षात घसरण याहूनही अधिक असते, कारण संहत आम्लात क्लोराइडची क्रियाशीलता (प्रत्यक्ष प्रभावी प्रमाण) त्याच्या संहतीच्या मानाने फार जास्त असते. हा प्रयोग करताना एक दक्षता घ्यावी. मोरचुदाचे तेवढेच द्रावण घेऊन, आम्लाऐवजी पाणी घालून, तितकेच विरल केलेली दुसरी परीक्षानळी शेजारी ठेवावी आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर धरून वरून पाहावे. अशी जोडी नसेल तर रंग फिकटला तो विरल झाल्याने की आयन बदलल्याने, हे ठरवता येत नाही, आणि प्रयोगवहीत बहुधा नेमका तोच घोटाळा लिहिला जातो.

आता पिवळा रंग कुठून येतो ते पाहू. निळ्या रंगाला कारणीभूत असलेली इलेक्ट्रॉनची हालचाल तांब्याच्या स्वतःच्या डी-कक्षकांमधली असते आणि पुंजयामिकीच्या नियमांनी ती जवळपास निषिद्ध असते, म्हणून तिचे शोषण दुबळे. क्लोराइड जोडला गेल्यावर मात्र प्रकाश शोषून क्लोराइडवरचा इलेक्ट्रॉन थेट तांब्यावर जाऊ शकतो. या प्रभार-स्थानांतरणाला नियमांची आडकाठी नसते, त्यामुळे त्याचा शोषणांक हजारांच्या घरात जातो. एका क्लोराइडच्या आयनात हे शोषण अतिनील भागात, सुमारे २५० नॅनोमीटरला असते, म्हणजे डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. क्लोराइडची संख्या वाढते तसे ते लांब तरंगलांबीकडे सरकते आणि टेट्राक्लोरोक्युप्रेटमध्ये ३८० नॅनोमीटरच्या आसपास येऊन त्याची शेपटी जांभळ्या आणि निळ्या प्रकाशात शिरते. निळा प्रकाश गेला की उरतो पिवळा. शोषणांकातला शेकडो पटींचा फरक पाहता, एकूण तांब्याचा लहानसा हिस्सा जरी या रूपात गेला तरी त्याचा रंग सगळ्या द्रावणावर चढतो.

हिरवा रंग म्हणजे निळा अधिक पिवळा, हे सांगणे त्यामुळे अर्धवटच बरोबर आहे. हिरव्या द्रावणात निळा आयन आणि चार क्लोराइडचा आयन यांच्याशिवाय एक, दोन, तीन क्लोराइडवाले मधले सगळे घटकही असतात. पाणी आणि क्लोराइड दोन्ही असलेले हे मधले घटक एका बाजूने तांबडा आणि दुसऱ्या बाजूने जांभळा प्रकाश शोषतात, आणि मधला हिरवा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो.

तुमच्या दोन पुस्तकांतल्या मतभेदाकडे यावे. द्रावणातला टेट्राक्लोरोक्युप्रेट आयन पिवळा असतो, आणि हिरव्या द्रावणाखाली सरळ टेट्राक्लोरोक्युप्रेट लिहिणाऱ्या पुस्तकाने मिश्रणाचा रंग एका आयनाच्या नावावर टाकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु घनरूप स्फटिकांत मात्र हाच आयन खरोखर हिरवा असू शकतो. त्याचे कारण आकारात आहे. चार क्लोराइड आयन एकमेकांपासून शक्य तितके दूर राहू पाहतात, आणि त्यासाठी चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार, सोयीचा. नऊ इलेक्ट्रॉनांचे तांबे मात्र चौरस सपाट मांडणीकडे ओढते. या ओढाताणीतून दाबून चपटा केलेला चतुष्फलक तयार होतो. सीझियमच्या क्षारात हा चपटा चतुष्फलक स्पष्ट दिसतो. त्यात तांबे-क्लोरीन अंतर सुमारे २.२ अँगस्ट्रॉम असते. अशा मांडणीत डी-कक्षकांमधले शोषण पार अवरक्तात, १,००० नॅनोमीटरच्या पलीकडे जाते आणि दृश्य भागात फक्त पिवळेपण उरते. आयन चौरसाकडे झुकला तर तेच शोषण तांबड्या प्रकाशापर्यंत परत येते आणि स्फटिक हिरवा दिसतो.

हे पटवून देणारा एक अतिशय देखणा पदार्थ आहे: डायएथिलअमोनियमचा टेट्राक्लोरोक्युप्रेट. खोलीच्या तापमानाला त्याचे स्फटिक तकतकीत हिरवे असतात आणि ५० अंशांच्या थोडे पुढे तापवले की पिवळे होतात. थंड केल्यावर पुन्हा हिरवे. यात पाणी येत-जात नाही, क्लोराइडची संख्या बदलत नाही. थंडपणी धन आयनाच्या नायट्रोजनवरचे हायड्रोजन क्लोराइडला बंधांनी धरून ठेवतात आणि आयन चौरसाच्या जवळ राहतो. तापल्यावर ते बंध ढिले पडतात आणि आयन चतुष्फलकाकडे कलतो. तांब्याची क्लोराइडशी जुळवून घेण्याची तऱ्हा इतकी लवचीक आहे की कोबाल्टहेक्झामिनच्या मोठ्या धन आयनाबरोबर पाच क्लोराइडचा त्रिकोणी द्विपिरॅमिड आकाराचा आयनही स्फटिकात मिळतो. चार ही संख्या काही अंतिम नव्हे.

मिठाने द्रावण हिरव्यापुढे गेले नाही, याचे पहिले कारण उघड आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणात लिटरमागे सुमारे ५.४ मोल क्लोराइड असतो आणि बाजारातल्या संहत हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे १२ मोल. चौथ्या घाताच्या हिशेबात हा फरक पंचवीसपटीच्या घरात जातो. पण दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. समीकरणात एका बाजूला पाण्याचे रेणू सुटे होतात, म्हणजे पाणी जितके कमी मोकळे तितका समतोल पिवळ्याकडे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के असते, म्हणजे त्यातले बरेचसे पाणी अजून मोकळेच आहे. लिथियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर तीच आर्द्रता ११ टक्क्यांच्या आसपास उतरते. तिथे लिथियमने पाण्याला जखडून टाकलेले असते. म्हणूनच लिथियम किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या दाट द्रावणात, आम्लाचा जोर नसतानाही, क्युप्रिक आयन पिवळसर हिरवा होतो. आम्लातला हायड्रोजन आयन हा रंग आणतो अशी कोणाची समजूत असेल तर ती घालवायला हा प्रयोग पुरेसा आहे. कॅल्शियम क्लोराइड दुकानात आर्द्रताशोषक म्हणून स्वस्तात मिळते, मात्र त्यात चुन्याचा अंश असतो आणि त्याने तांब्याचा निळसर बेसिक साका पडतो. म्हणून आधी दोन-चार थेंब आम्ल घालून ते किंचित आम्लधर्मी करून घ्यावे. तसेच प्रयोग मोरचुदाऐवजी क्युप्रिक क्लोराइडने करावा, नाहीतर सल्फेटमुळे जिप्सम खाली बसून सगळे गढूळ होते. पाण्याची भूमिका आणखी सरळ पाहायची असेल तर क्युप्रिक क्लोराइडचे दोन-चार कण एथिल अल्कोहोलात विरघळवा. बाहेरून जादा क्लोराइड न घालता द्रावण हिरवे येते, आणि त्यात थेंब थेंब पाणी घालत गेल्यास निळे होते.

तापमानाचा परिणामही याच समतोलातून निघतो. पाणी सोडून क्लोराइड घेण्याच्या क्रियेला उष्णता लागते. सुट्या झालेल्या पाण्यामुळे एन्ट्रॉपी (कणांची विस्कळीतता) वाढते आणि तीच क्रियेला पुढे ढकलते. त्यामुळे अर्धवट हिरवे द्रावण गरम पाण्यात धरले की पिवळ्याकडे सरकते आणि बर्फात धरले की निळ्याकडे. हे सारे क्षणात घडते, कारण क्युप्रिक आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा बदलत असतो. क्रोमियमच्या हिरव्या क्लोराइडमध्ये आत बांधला गेलेला क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटला लगेच दाद देत नाही. तांब्याच्या हिरव्या द्रावणात मात्र सगळा क्लोराइड तत्काळ साक्यात उतरतो. तेव्हा सिल्व्हर नायट्रेटने किती क्लोराइड तांब्याला जोडलेला होता हे मोजू पाहणे व्यर्थ आहे.

आता तारेकडे वळू, कारण माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा तिथे आहे. मोरचुदाच्या साध्या द्रावणात तांब्याची तार कितीही दिवस ठेवली तरी तिला काही होत नाही. तांबे धातू आणि क्युप्रिक आयन मिळून दोन क्युप्रस (एकच इलेक्ट्रॉन गमावलेले) आयन व्हावेत ही क्रिया पाण्यात उलटी जाते. क्युप्रिक ते क्युप्रस हा प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवणारा आकडा) ०.१६ व्होल्ट आणि क्युप्रस ते धातू ०.५२ व्होल्ट, या ०.३६ व्होल्टच्या फरकाचा अर्थ असा की क्युप्रस आयनांचे धातू व क्युप्रिक आयनांत विघटन होण्याचा समतोल स्थिरांक १० चा सहावा घात आहे. पाण्यात मोकळा क्युप्रस आयन टिकत नाही असे आपण शिकवतो ते यावरून.

क्लोराइड आला की चित्र उलटते. क्युप्रिक आयनाची क्लोराइडशी ओढ क्षीण होती, पण क्युप्रस आयनाची जबरदस्त आहे. एका क्युप्रस आयनाला दोन क्लोराइड जोडून सरळ रेषेतला, रंगहीन डायक्लोरोक्युप्रेट आयन बनतो आणि त्याचा एकूण स्थिरांक १० च्या साडेपाचाव्या घाताच्या आसपास आहे. क्रियेत असे दोन आयन तयार होतात, म्हणून हा स्थिरांक दोनदा लागू होतो: १० चा अकरावा घात. त्यातून विरोधातला सहावा घात वजा केला तर पाचवा घात तांबे विरघळण्याच्या बाजूने उरतो. जे द्रावण तारेला शिवतही नव्हते, तेच पुरेशा क्लोराइडमुळे तारेला खाऊ लागते, आणि यासाठी कुठलेही नवे ऑक्सिडीकारक घातलेले नसते. क्युप्रिक आयन स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. क्लोराइड फक्त तयार झालेल्या क्युप्रसला उचलून धरतो. विभवाच्या भाषेत, लिटरमागे एक मोल क्लोराइड असताना क्युप्रिक ते डायक्लोरोक्युप्रेट हा विभव सुमारे ०.४८ व्होल्टवर चढतो आणि डायक्लोरोक्युप्रेट ते धातू हा सुमारे ०.२ व्होल्टवर उतरतो. दोघांनी जागा बदलल्या, एवढेच.

काळपट तपकिरी रंग अशुद्धीचा नाही. डायक्लोरोक्युप्रेट एकटा रंगहीन आहे, टेट्राक्लोरोक्युप्रेट एकटा पिवळा आहे, आणि दोन्ही एकत्र आले की द्रावण इतके गडद होते की दिव्यासमोर धरले तरी पलीकडचे दिसत नाही. क्लोराइडच्या पुलाने जोडल्या गेलेल्या क्युप्रस आणि क्युप्रिक केंद्रांमध्ये प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो आणि त्याचे शोषण दृश्य प्रकाशाच्या फार रुंद पट्ट्यात पसरलेले असते. प्रशियन ब्लू या रंगद्रव्याचा गडद निळा रंगही लोहाच्या दोन स्थितींमधल्या अशाच देवाणघेवाणीतून येतो. अमेरिकेत कॅलटेक या संस्थेमध्ये हार्डन मॅककॉनेल आणि नॉर्मन डेव्हिडसन यांनी तांबे-क्लोराइडचा हा परिणाम मोजून १९५० साली प्रसिद्ध केला. हे जादा शोषण क्युप्रस आणि क्युप्रिक यांच्या संहतींच्या गुणाकाराप्रमाणे वाढते असे त्यांना आढळले. तुमच्या निरीक्षणांचा क्रम यावरून बरोबर जुळतो. सुरुवातीला क्युप्रस नाही, म्हणून पिवळसर हिरवा. निम्मे-निम्मे झाले तेव्हा सर्वांत काळपट. आणि तारेने जवळजवळ सगळा क्युप्रिक संपवला तेव्हा रंगहीन. शेवटी फिकट गवती छटा राहिली असेल तर ती हवेतल्या ऑक्सिजनने परत तयार केलेल्या थोड्या क्युप्रिकची.

एचिंगच्या टाकीत हाच बदल रोज पाहायला मिळतो. सर्किट बोर्डावरचे तांबे क्युप्रिक क्लोराइडने खायचे आणि तयार झालेल्या क्युप्रसला हवा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन परत क्युप्रिक करायचे, असे ते चक्र असते. चांगल्या टाकीतला नमुना परीक्षानळीत घेऊन उजेडासमोर धरला तर तो पारदर्शक, पाचूसारखा हिरवा दिसतो. त्यात क्युप्रस साठले की तो आधी मातकट हिरवा आणि मग तपकिरी होतो आणि काम मंदावते. ऑक्सिडीकरण-क्षपण विभव मोजणारा इलेक्ट्रोड बसवून तो साधारण ५०० ते ५५० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात राखतात, पण सरावलेला माणूस रंगावरूनही बराच अंदाज बांधतो. मोकळे हायड्रोक्लोरिक आम्ल कमी पडले तर मात्र क्युप्रसला धरून ठेवायला क्लोराइड उरत नाही, तांब्याच्या पृष्ठभागावर क्युप्रस क्लोराइडचा पांढरट थर बसतो आणि एचिंग थांबते. अशा वेळी बरेच जण पेरॉक्साइड ओततात, जेव्हा गरज आम्लाची असते. पेरॉक्साइड आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून हा उद्योग बंद खोलीत कधीही करू नये. घरी हौसेने सर्किट बनवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

रंगहीन द्रावण पाण्यात ओतल्यावर खाली बसलेला पांढरा साका क्युप्रस क्लोराइडचा आहे. क्लोराइड कमी झाला की साका पडतो, असे नेहमीचे स्पष्टीकरण असते, पण त्यात एक बारकावा दडला आहे. द्रावणात फक्त डायक्लोरोक्युप्रेटच असता तर त्याची विद्राव्यता क्लोराइडच्या पहिल्या घाताप्रमाणे बदलली असती. दसपट पाणी घातल्यावर विद्राव्यता दसपट घटली असती, पण तांब्याची संहतीही दसपटच घटली असती, आणि जे विरघळलेले होते ते विरघळलेलेच राहिले असते. साका पडतो याचाच अर्थ विद्राव्यता पहिल्या घातापेक्षा वेगाने वाढत गेलेली होती: संहत आम्लात तीन क्लोराइडचा ट्रायक्लोरोक्युप्रेट आयनही भरपूर होता आणि क्लोराइडची क्रियाशीलता त्याच्या संहतीपेक्षा पुष्कळ जास्त होती. साध्या परीक्षानळीतल्या साक्यावरून द्रावणातल्या न दिसणाऱ्या आयनाची संरचना अशी ताडता येते, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. क्युप्रस क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातल्या दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार) सुमारे १.७ गुणिले १० चा उणे सातवा घात आहे, आणि लिटरमागे एक मोल क्लोराइड असताना लिटरमागे सुमारे ०.०५ मोल क्युप्रस तांबे विरघळलेले राहू शकते. म्हणून साका चांगला पडावा यासाठी पाणी सढळ हाताने घ्यावे. ते आधी उकळून, झाकून गार केलेले असावे, म्हणजे त्यातली हवा गेलेली असते.

हा साका दुसऱ्या दिवशी हिरवा झाला, कारण ओलसर क्युप्रस क्लोराइड हवेतला ऑक्सिजन घेऊन बेसिक क्युप्रिक क्लोराइड बनतो. चिलीतल्या अटाकामा वाळवंटावरून ज्या खनिजाला अटाकामाइट नाव पडले, त्याच रासायनिक संघटनाचा हा पदार्थ. या क्रियेत चार क्युप्रस क्लोराइडमागे हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू सुटतात, आणि जवळ तांबे असेल तर हवेच्या साहाय्याने ते आम्ल नव्या तांब्याला खाऊन पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवते. खारट मातीतून निघालेल्या पुरातन काशाच्या वस्तू संग्रहालयात आणल्यावर फिकट हिरव्या भुकटीने पोखरल्या जातात, तो ब्राँझचा रोग म्हणजे हेच चक्र. म्हणून अशा वस्तू कोरड्या हवेत ठेवतात. घरातही याचे सौम्य रूप दिसते. तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि मीठ लावून घासली की चिंचेतले टार्टारिक आम्ल काळपट ऑक्साइड विरघळवते आणि मिठातला क्लोराइड क्युप्रस आयनाला धरून ते काम पुढे नेतो, म्हणून नुसत्या चिंचेपेक्षा मिठासह ती लवकर लखलखतात. पण खाचाखोचांत मीठ राहिले आणि भांडे ओले ठेवले तर त्याच जागी हिरवे डाग उमटतात. भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसणे हाच त्यावर उपाय. आंबट आणि खारट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात कळकतात त्यातही क्लोराइडचा वाटा असतो.

साका टिकवायचा असेल तर तो गाळून, सल्फर डायऑक्साइडचा अंश असलेल्या पाण्याने धुवावा, नंतर अल्कोहोलाने धुऊन निर्वात पात्रात सुकवावा आणि काळ्या बाटलीत घट्ट झाकून ठेवावा, कारण प्रकाशातही तो काळवंडतो.

राहिला उरलेल्या द्रावणाचा प्रश्न. तांबे मासे, शेवाळ आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना घातक आहे, म्हणून हे द्रावण मोरीत ओतू नये. ते मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत भरपूर पाण्यात हळूहळू ओतावे आणि त्यात लोखंडाचा कीस किंवा भांडी घासायची साधी लोखंडी (स्टेनलेस नसलेली) तारेची घासणी टाकून मोकळ्या हवेत एक-दोन दिवस ठेवावे. लोखंड विरघळते, तांबे लालसर गाळ होऊन खाली बसते आणि आम्लामुळे थोडा हायड्रोजनही सुटतो, म्हणून जवळ ज्योत नसावी. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल टाकण्याचा मोह टाळावा; क्लोराइडमुळे तिच्यावरचा संरक्षक ऑक्साइड फुटतो आणि द्रावण एकाएकी उकळी येईल इतके तापते. तांबे संपले का हे पाहण्यासाठी थोडे द्रावण वेगळे काढून त्यात जादा अमोनिया घालावा आणि लोहाचा साका गाळून टाकावा; गाळलेले पाणी निळे दिसले तर तांबे अजून शिल्लक आहे. ते रंगहीन आले की बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून फेस येणे थांबेपर्यंत आम्ल मारावे, खाली बसलेला गाळ गाळून सुकवावा आणि तांब्याच्या गाळासह महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्यात, बाटलीवर नाव लिहून, जमा करावा.